निर्यातीची कोळंबी आणि घरची कढई

२०२५ सालचा दसरा झाला आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी पिशवी घेऊन मी मासळी बाजार गाठला. श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र अशी ओळीने आलेली पथ्ये पाळून कंटाळलेली सगळी डोंबिवली त्या दिवशी बाजारात उतरलेली असते. गर्दीतून वाट काढत आमच्या नेहमीच्या मावशींपुढे जाऊन उभा राहिलो. (त्या माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असाव्यात, पण मासळीवाली ही मावशीच असते, तिथे वयाचा प्रश्न येत नाही.) त्यांच्या पाटीत कोळंबीचे दोन ढीग होते. एक ओळखीचा. लहान-मोठी, मिशांचा गुंता झालेली, करड्या रंगाची खाडीची कोळंबी. दुसरा ढीग मात्र साच्यातून काढल्यासारखा. सगळ्या एका मापाच्या, फिकट, काचेसारख्या. आणि भाव पहिल्या ढिगाहून बराच कमी.

‘‘ही कुठली हो?’’

‘‘आंध्राची. तलावातली हाय. अमेरिकेला जायाची व्हती ती, काका. आता आपल्याला मिलतेय.’’

तलावातली कोळंबी मुंबईच्या बाजारात त्याआधीही येतच होती, फक्त तिचे नाव कोणी घेत नव्हते. पण मावशींचे अर्थशास्त्र ढोबळ असले तरी खोटे नव्हते. २७ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्याकडे घरोघरी गणपती बसत होते, त्याच दिवशी भारतीय मालावरचे अमेरिकेचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले. कोळंबीवर आधीपासूनच दोन वेगळी शुल्के होती. ती धरून हा बोजा ५८ टक्क्यांच्या घरात पोहोचला. त्याच सुमारास, इक्वेडोरच्या कोळंबीवर होते १५ टक्के. असे आकडे राजकारणाच्या वाऱ्याबरोबर वरखाली होत असतात, त्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. मात्र त्या एका फटक्याने जे उघडे पडले, ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

२०२४-२५ या वर्षात भारताने सुमारे ७ लाख ४१ हजार टन गोठवलेली कोळंबी परदेशी पाठवली. तिचे मोल ४३ हजार कोटी रुपयांहून अधिक. देशाच्या एकूण मत्स्यनिर्यातीच्या उत्पन्नात दोन तृतीयांशाहून मोठा वाटा या एका जिनसाचा. त्यातली ३ लाख ११ हजार टनांहून अधिक एकट्या अमेरिकेला गेली, म्हणजे दर पाच किलोंतली दोन किलो. नेल्लोर, भीमावरमकडच्या शेतकऱ्याने तलाव खणायचा, कर्ज काढून खाद्य घालायचे, रात्री-अपरात्री उठून पाण्यातला प्राणवायू मोजायचा, आणि त्याच्या मालाचा भाव ठरणार वॉशिंग्टनमध्ये. गिऱ्हाईक एकच असले की दुकानदाराची मान त्याच्या हाती जाते, हे आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्यालाही कळते.

मग एकाएकी सर्वांना घरच्या गिऱ्हाइकाची आठवण झाली. आंध्र प्रदेशात सरकारपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे म्हणू लागले की, देशातच कोळंबीचा खप वाढला पाहिजे. मला या म्हणण्यात चूक काही दिसत नाही. उलट हे वीस वर्षांपूर्वीच सुचायला हवे होते. पण आता गिऱ्हाईक म्हणून आपली आठवण झालीच आहे, तर गिऱ्हाईक म्हणून चार प्रश्न विचारण्याचा हक्कही आपल्याकडे आला. ही कोळंबी खावी का? खावी तर कोणती? आणि जी आपल्या पाटीत येते ती, अमेरिकेच्या ताटात जाते तेवढी पारखलेली असते का?

पहिल्या प्रश्नाने आमच्या घरात एकेकाळी बरेच रामायण झाले आहे. १९९३ मध्ये वडिलांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल वाढल्याचे निघाले. डॉक्टरांनी हाती यादी दिली. अंडे बंद, खेकडे बंद, कोळंबी बंद. आमचे गाव रेवदंड्याच्या खाडीजवळ. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पागाने पकडलेल्या कोळंबीवर वडिलांचे लहानपण गेलेले. त्यांनी पथ्य कसोशीने पाळले. आई कोळंबी घातलेल्या दुधीतला नुसता दुधी त्यांना वाढायची आणि ते चमच्याने ताटात काहीतरी शोधत राहायचे. गंमत अशी की, त्या यादीत वनस्पती तुपातल्या खाऱ्या बिस्किटांचा उल्लेख नव्हता. दुपारच्या चहाबरोबर चार बिस्किटे निर्वेधपणे जात होती. डॉक्टरांना दोष देत नाही. त्या वेळचे शास्त्रच तसे होते.

शास्त्र पुढे सरकले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोजक्याच निरोगी माणसांना त्यांनी तीन आठवडे रोज ३०० ग्रॅम वाफवलेली कोळंबी खायला घातली. वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल ७ टक्क्यांनी वाढले, हे खरे. पण चांगले म्हणतात ते १२ टक्क्यांनी वाढले आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड्स १३ टक्क्यांनी उतरली. रोज ३०० ग्रॅम कोळंबी खाणारा माणूस आपल्याकडे लग्नाच्या हंगामातही सापडणार नाही. आपल्या रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच तयार करते आणि त्याला अधिक चिथावणी मिळते ती संपृक्त स्निग्धांशाने, म्हणजे डालडा, साय, चरबी यांनी. कोळंबीत हा संपृक्त अंश नावालाच. अमेरिकेने २०१५ च्या आहारविषयक शिफारशींतून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा काढून टाकली. याचा अर्थ वाटेल तितके खा असा नाही, हे त्या शिफारशीही सांगतात. पण माझे वडील त्या यादीशी आणखी अठरा वर्षे इमानाने वागले आणि २०११ मध्ये गेले. आठ-दहा कोळंब्या दुधीबरोबर खाल्ल्या असत्या तर त्यांचे काही बिघडले नसते, असे आता वाटते.

शिजवलेल्या १०० ग्रॅम कोळंबीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात आणि उष्मांक जेमतेम शंभर. तेवढ्याच पनीरमध्ये प्रथिने याहून कमी आणि स्निग्धांश २० ग्रॅमच्या पुढे. कोलेस्टेरॉल साधारण एका अंड्यात असते तेवढे. शिवाय आयोडीन, सेलेनियम, बी-१२ जीवनसत्त्व. वाढत्या वयाची मुले आणि स्नायू झिजू लागलेले आजी-आजोबा या दोघांनाही चालेल असा जिन्नस आहे हा. मात्र अ‍ॅलर्जी असेल त्याने वाट्याला जाऊ नये. कोळंबीतले ते प्रथिन शिजवूनही निष्प्रभ होत नाही, त्यामुळे ‘नीट उकळली आहे, थोडी खाऊन बघ’ हा पाहुण्याला केलेला आग्रह जिवावर बेतू शकतो. संधिवाताचा गाऊट नावाचा प्रकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

तेव्हा, खावी. आता कोणती, याकडे वळू.

ज्यांना नव्वदचे दशक आठवते, त्यांना ‘नीलक्रांती’ हा शब्दही आठवत असेल. पूर्व किनाऱ्यावर भातशेती मोडून टायगर कोळंबीचे तलाव खणले गेले. कंपन्या आल्या, पैसा आला, आणि शेजारच्या गावांतल्या विहिरींचे पाणी खारे झाले. तमिळनाडूतले वयोवृद्ध सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ११ डिसेंबर १९९६ च्या निकालाने किनारा नियमन क्षेत्रातले, पारंपरिक सोडून बाकीचे तलाव काढून टाकण्याचा आदेश दिला. तोवर १९९४-९५ पासून पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने टायगरचे पीक झोपवायला सुरुवात केलीच होती. पुढे २००५ मध्ये संसदेने किनारी मत्स्यशेतीसाठी प्राधिकरणाचा कायदा केला, आणि तलाव नोंदणीच्या चौकटीत परत आले. २००९ मध्ये व्हेनामी या जातीला परवानगी मिळाली. ही मूळची लॅटिन अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याची. रोगमुक्त बीज मिळते, टायगरपेक्षा दाट वाढवता येते, खाद्यात प्रथिने कमी लागतात, तीन-चार महिन्यांत पीक हाती येते. बघता बघता तिने टायगरची जागा घेतली. मावशींच्या पाटीतला तो एकसारखा ढीग हिचाच.

आमच्या पिढीत व्हेनामीला नाके मुरडण्याची पद्धत आहे. ‘बॉयलर कोंबडी’सारखीच ही ‘बॉयलर कोळंबी’, असे म्हणतात. चवीत फरक आहे, नाकारत नाही. पाणी जितके खारे तितकी कोळंबी आपल्या अंगात काही अमिनो आम्ले साठवते आणि तीच आपल्या जिभेला गोड लागतात. कमी खाऱ्या तलावातली म्हणूनच जरा सपक. पण चवीचा हा फरक म्हणजे पौष्टिकतेचा फरक नव्हे. आणि समुद्रातली म्हणजे सोज्वळ, तलावातली म्हणजे पापी, अशी वाटणीही करता येत नाही. ट्रॉलरच्या बारीक आसाच्या जाळ्यात कोळंबीबरोबर दुसऱ्या माशांची पिल्ले खरवडून येतात. जाळ्यात कासवे अडकतात म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये आपल्या समुद्रातल्या कोळंबीची आयात बंद केली. तिकडे जात होती ती तलावातलीच. वेळासला कासवांच्या पिल्लांना टाळ्या वाजवून समुद्रात सोडणाऱ्या आपल्याला ही बातमी फारशी टोचली नाही, हे नवल.

तिसरा मार्गही आहे आणि तो जुना आहे. गोव्यातल्या खाजण शेतीत बांधाला मानस म्हणजे लाकडी दार असते. भरतीला पाण्याबरोबर सुंगटे आत येतात, ओहोटीला दाराशी जाळे लावून धरतात, आणि पावसात त्याच जमिनीत भात. केरळातल्या पोक्कळी शेतीतही पावसाळ्यात भात आणि नंतर कोळंबी हीच पाळी. खाद्य नको, औषध नको. पीक मात्र थोडे, आणि थोडे पीक निर्यातदाराला परवडत नाही. रायगडच्या खारजमिनींवर असे काही व्हावे, असे मला वाटत आले आहे. त्या जमिनींना सध्या गिऱ्हाईक वेगळेच आहे, ते अलिबागच्या रस्त्यावरचे फलक वाचले की कळते.

आता तो तिसरा प्रश्न. दाट तलावात रोग पसरतो आणि रोगाच्या भीतीने काहीजण प्रतिजैविके वापरतात. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांना कोळंबीत पूर्ण मनाई आहे. तरी त्यांचे अंश सापडत राहिले, म्हणून युरोपीय संघाने २०१६ मध्ये भारतातल्या तलावी कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण दहा टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेले. म्हणजे युरोपच्या बंदरात उतरणारी निम्मी खेप तपासली जाऊ लागली. आपल्याकडेही अन्नसुरक्षेचे नियम आहेत, मर्यादा लिहिलेल्या आहेत. पण माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या बाजारहाटात कोळंबीच्या पाटीवर झुकलेला निरीक्षक मी एकदाही पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर तुम्ही भाग्यवान. ‘निर्यातीच्या दर्जाची’ असे पाकिटावर छापलेले असते, त्याचा खरा अर्थ एवढाच हवा, की निर्यातीच्या मालाची होते ती तपासणी या पाकिटाची झाली आहे. ती झाली असल्यास तारखेसह छापावी. देशातला खप वाढवायचा असेल तर हे पहिले काम. जाहिरात नंतर.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. ताज्या कोळंबीला समुद्राचा वास येतो, अमोनियाचा नव्हे. डोके घट्ट बसलेले हवे. डोके काळे पडले तर ते विष नव्हे, पण माल शिळा होतो आहे याची खूण. हे काळेपण लपवायला गंधकयुक्त सल्फाइट वापरतात. घरात दमेकरी असेल तर पाकीट नीट वाचावे. गोठवलेल्या पाकिटावर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, बर्फ वगळून वजन किती. नाहीतर आपण गोठलेले पाणीच कोळंबीच्या भावाने घेतो. दुसरी, घटकांत फॉस्फेट आणि मीठ आहे का. फॉस्फेटने कोळंबी पाणी धरून फुगते आणि कढईत पडताच ते सोडते. रक्तदाब असणाऱ्याला त्या मिठाचाही हिशेब धरावा लागतो. गोठवलेली कोळंबी ओट्यावर दिवसभर ठेवून वितळवू नये. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. आणि किलोभर अख्खी घेतली तर सोलून निम्म्याच्या आसपास हाती येते, हे धरूनच भावाची तुलना करावी.

राहिली कढई. इथे बहुतेक घरांत अत्याचार होतो. कोळंबी मटणासारखी शिजवतात आणि मग रबरासारखी लागली म्हणून कोळणीला बोल लावतात. आईची खूण सोपी होती. कोळंबी कोयरीसारखी वाकली की झाली. बांगडीसारखी गोल वळली की गेली. तीन-चार मिनिटांचा खेळ. रंग हीच घड्याळाची टिकटिक. कच्च्या कोळंबीतला तांबडा रंग एका प्रथिनाने बांधून ठेवलेला असतो. उष्णता लागली की ते प्रथिन मोडते आणि दडलेला रंग मोकळा होतो. पाठीला चीर देऊन काळा दोरा काढावा, हळद, मीठ, लसूण चोळून बाजूला ठेवावी. डोकी टाकू नयेत. ती ठेचून, पाण्यात उकळून, गाळून जो रस निघतो त्यात कालवणाची अर्धी चव आहे. फोडणी, मसाला, नारळाचा रस, आमसुले सगळे उकळून तयार झाल्यावरच शेवटी कोळंबी सोडावी.

जुन्या घरांतली खरी अक्कल मात्र वेगळीच आहे. पाव किलो कोळंबीत सहा माणसे जेवायची. दुधीत कोळंबी, पडवळात कोळंबी, वांग्यात कोळंबी, कायस्थांच्या घरी खिचडीत सोडे, गोव्याकडे किसमूरमध्ये सुके गालमो. चार-सहा कोळंब्या सगळ्या भाजीला चव देत आणि मुले त्या नादाने दुधी खात. आताच्या हॉटेलात मात्र लोण्यात पोहणाऱ्या बारा कोळंब्या एकाच्या ताटात येतात, नाहीतर पिठात बुडवून तळलेल्या. मग तेलाचा आणि लोण्याचा आळ कोळंबीवर येतो. आरोग्याचा आहार म्हणून परदेशी मासिके जे शिकवतात, ते पडवळ-कोळंबीत आपल्या आजीने कधीच करून ठेवले होते. तिला फक्त उष्मांक मोजता येत नव्हते.

आणि जवळा. कोळंबीच्या खानदानातला हा सर्वात धाकटा आणि गरिबाचा वाली. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा कांदा घालून केलेली सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी यांवर किनाऱ्यावरची घरे पावसाळा काढतात. मूठभर जवळ्यात प्रथिने आहेत, सालासकट खाल्ला जातो म्हणून कॅल्शियमही आहे. तो वाळूवर न वाळवता ताडपत्रीवर वाळवलेला घ्यावा, इतकेच. पूर्वी हा बराचसा जवळा माणसांच्या पोटात जायचा. आता त्याला कोंबडीच्या आणि माशांच्या खाद्याच्या कारखान्यांकडूनही मागणी असते. म्हणजे रेवदंड्याच्या म्हातारीच्या चटणीतला जवळा कुठल्या तरी तलावात पोहोचायचा आणि तिथून गुबगुबीत कोळंबी होऊन सातासमुद्रापार जायचा. निर्यातीच्या आकड्यांत हा व्यवहार कुठे लिहिलेला नसतो.

त्या रविवारी मी दोन्ही ढिगांतली अर्धा-अर्धा किलो घेतली. खाडीची कालवणात गेली, आंध्राची पडवळात. नातीने पडवळ दुसऱ्यांदा मागितले. पुढच्या रविवारी मावशींना ते सांगितले, तेव्हा त्या जरा गप्प राहिल्या. मग कोयत्यावरचे पाणी झटकत म्हणाल्या, ‘‘काही बायका तलावाची पण खाडीची म्हणून इकतात, काका. मी वेगली ठेवते. पण इचारतं कोन?’’

मी विचारले. त्या दिवशी दोन ढिगांऐवजी तीन होते. तिसरा ओरिसाचा होता.